कॅप्टनसाहेबांच्या पिकअपची दारं

आमच्या घराला स्वतःचं पुढचं दार नव्हतं. पुढं आण्णांचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीत एक अरुंद वाट ठेवलेली होती. तिच्यातून अंग चोरून आत आलं की आमच्या दोन खोल्या. सांगलीहून मिरजेला जाताना डाव्या अंगाला पत्र्याचं छप्पर, त्यापुढं पोट उघडं टाकून उभी असलेली दोन-तीन वाहनं आणि एक कडुलिंब, एवढीच आमची खूण. घरी येणारा पाहुणा, मग तो आईचा भाऊ असो की वाटीभर साखर मागायला आलेली शेजारीण, आधी ऑइलच्या डागांवरून कपडे सावरत यायचा आणि मग आमच्या चुलीपाशी पोचायचा. थिनरचा वास आमच्या अंथरुणांना होता, पिठाच्या डब्याला होता. उडदाचं घुटं आणि ज्वारीची भाकरी हे आमचं रोजचं जेवण, आणि आई म्हणायची, "तुमच्या त्या रंगाच्या वासानं माज्या घुट्याला फोडणीच लागत न्हाई." आण्णा खाली मान घालून खात राहायचे.

आण्णा म्हणजे माझे वडील. जतकडच्या कोरड्या मुलखातले. त्यांचे वडील आयुष्यभर मेंढरांमागं चालले. आण्णा चौदाव्या वर्षी एका ट्रकवाल्याच्या मागं बसून मिरजेला आले आणि परत गेले नाहीत. पत्रा ठोकायचं काम ते तिथंच शिकले. चेपलेल्या पत्र्याच्या मागून लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून हातोडीनं हलके हलके मारत त्याला जागेवर आणायचं. सकाळी आठला त्यांची हातोडी सुरू व्हायची ती जेवणापर्यंत. ती थांबली की शेजारची माणसं घड्याळ बघायची नाहीत, ताटं घ्यायची. घरात आम्ही चौघंच. आण्णा, आई, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा संजय, त्याला मी दादा म्हणायची, आणि मी, शालन. दादा दहावीनंतर गॅरेजमध्ये उतरला. मी बारावी झाले आणि घरी बसले. पुढं शिकवायचं की नाही यावर आमच्याकडं चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. चर्चा व्हायला दोन बाजू लागतात.

मी गॅरेजच्या कामात शिरले ती माझ्या हातामुळं. गाडीच्या दाराच्या आतला पत्रा काढला की मध्ये एक भोक असतं, वाटीएवढं. दाराच्या पोटातलं सगळं काम त्या भोकातून हात घालून करायचं. आण्णांचा पंजा फावड्यासारखा, दादाचाही तसाच. एकदा त्यांच्या हातून एक स्क्रू आत पडला आणि मला हाक मारली. मी बांगड्या काढल्या, हात कोपरापर्यंत आत घातला आणि स्क्रू काढून दिला. मग दर वेळी हाक यायला लागली. आत काही दिसत नाही. बोटांनीच बघायचं. ही काच चढवायची पट्टी, ही हॅण्डलपासून आलेली सळई, आणि हे कडेला बसलेलं लॉक. लॉक म्हणजे किल्लीचं कुलूप नव्हे. दार लावलं की जो दाराच्या चौकटीच्या खांबावरच्या पट्टीला पकडून ठेवतो, तो खटका. गॅरेजमध्ये सगळे त्याला लॉकच म्हणायचे. वर्षा-दोन वर्षांत मला कळायला लागलं की बहुतेक लॉक मोडलेली नसतात, ती अडून बसलेली असतात. धुळीनं, वाळून चिकट झालेल्या ग्रीसनं, नाहीतर आधीच्या मेकॅनिकनं चिडून मारलेल्या हातोडीनं. त्यांच्याशी जोर करून भागत नाही. आण्णांना लॉकचा कंटाळा होता. पत्रा ऐकतो, लॉक ऐकत नाही, म्हणायचे. हळूहळू ते काम न सांगता माझ्याकडं आलं. पण शटर उघडं असेल तेव्हा मी गॅरेजमध्ये थांबायचं नाही, हेही न सांगताच ठरलेलं होतं. गिऱ्हाईक आलं की मी आत. दार काढून मागच्या पडवीत आणायचं आणि तिथं मी बसायची, एका बाजूला तांदूळ निवडायचं सूप, एका बाजूला कानशी.

पलूसकडचे एक कॅप्टनसाहेब त्यांची पिकअप घेऊन आले ते ऊसतोडीच्या दिवसांत. सैन्यातून निवृत्त होऊन ते घरची शेती बघत होते. गाडी त्यांच्या वडिलांची. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरीनं लिलावात काढलेली, अमेरिकन बनावटीची, पुढं म्हशीच्या कपाळासारखं रुंद बॉनेट आणि मागं लाकडी फळ्यांचा हौदा. तेव्हाच ती चाळीस वर्षांची असेल. इंजिन ठणठणीत होतं. रोग दारांना होता. उजवं दार आतून उघडायचंच नाही. कॅप्टनसाहेब काच खाली करून हात बाहेर काढायचे आणि बाहेरून उघडून उतरायचे. डावं दार बंद राहायचंच नाही. ते दोरीनं सीटच्या सळईला बांधलेलं असायचं. महिन्यापूर्वी एका वळणावर उसाची ट्रॉली अंगावर आली, कॅप्टनसाहेबांनी गाडी झटकन बाजूला घेतली, दोरी तुटली, दार उघडलं आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या बायको रस्त्यावर पडल्या. मनगट मोडलं. मिरजेला प्लास्टर घालून आणलं होतं. त्या दिवशी त्या गाडीत बसूनच आल्या होत्या, हात गळ्यात अडकवलेला, आणि उतरताना नवऱ्याच्या खांद्याचा आधार न घेता उतरल्या, हे मी आतल्या वाटेतून पाहिलं.

आण्णांनी आणि दादानं आठवडाभर झटापट केली. खांबावरची पट्टी ठोकून पुढं आणली, मग मागं नेली. दार आधी नुसतं उघडायचं, आता उघडताना कर्र करून ओरडायलाही लागलं. शेवटी आण्णा कॅप्टनसाहेबांना म्हणाले, "साहेब, भाईरनं एक दणकट कडी मारून देतो. बैलानं वडली तरी निगनार न्हाई."

कॅप्टनसाहेब म्हणाले, "आण्णा, कडी मारायची असती तर गावातच मारली असती की. माझे वडील एका बोटानं लावायचे हे दार. तसं लागलं पाहिजे. नाही जमत तर तसं सांगा, पुण्यात माझे एक मित्र आहेत, जुन्या गाड्यांचंच काम करतात, तिकडं पाठवतो."

आण्णांना ते लागलं. दोन दिवसांनी ते आणि आई गावच्या जत्रेला जतकडं निघून गेले, चार दिवसांसाठी. जाताना मला म्हणाले, "शाले, ती लॉकं बग जरा."

ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, असं लिहिलं तर माझ्या मुलांना वाईट वाटेल. पण खरं ते खरं. शटर अर्धं खाली होतं आणि पहिल्यांदाच मी गॅरेजच्या मधोमध, आण्णांच्या लोखंड आवळून धरायच्या वाइसपाशी उभी होते. आई नव्हती, त्यामुळं सकाळी भडंग आणि चहा, दुपारी भडंग आणि कांदा. दादा अकराला उठायचा. मी दोन्ही लॉकं काढली, रिवेटी उडवून उघडली आणि आईच्या एका पोचे पडलेल्या पातेल्यात रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. उजव्याचं दुखणं साधं निघालं. हॅण्डलपासून येणारी सळई कुणीतरी कधीकाळी तोडून तारेनं बांधली होती, ती तार ताणली की लांबायची. सायकलच्या जुन्या स्पोकचे तीन पदर पिळून बघितले, तेही ताणले गेले. मग एक जाड सळई शोधून वाकवून बसवली आणि दार आतून उघडायला लागलं.

डाव्यानं रडवलं. त्याचा पट्टीला पकडणारा दात झिजून गोल झाला होता, चोखलेल्या गोळीसारखा. दादानं त्यावर गॅसनं पितळ भरून दिलं. मी कानस मारून आकार दिला, बसवलं, पंचवीस वेळा दार लावलं आणि पितळ पुन्हा घसरलं. दुसऱ्यांदा लोखंड भरलं. दादाचा वेल्डिंगचा हात चांगला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. ते भरणं त्यानं केलं. मग तो दुपारच्या खेळाला सिनेमाला गेला. मी दोन दिवस तो एक दात घासत बसले. कानस सटकली की बोटाचं साल निघायचं. स्प्रिंग मोडकी होती, ती सायकलच्या कॅरियरच्या तारेची केली. लाल करून वळवली, ऑइलमध्ये विझवली, पुन्हा निळी होईपर्यंत शेकली. एवढं करून लॉक हातात घेऊन दाबलं तर छान पकडायचं, आणि दाराला बसवलं की पकडायचं नाही. तेव्हा मी खरंच रडले. मग तोंड धुतलं आणि माझी काजळाची डबी आणली. खटक्याला काजळ लावून दार लावलं. खांबावरच्या पट्टीवर डाग उमटला, पण जिथं उमटायला हवा त्याच्या खाली. दोन सूत खाली. म्हणजे पाव इंच. लॉकचा दोष अर्धाच होता. बिजागरीच्या पिना झिजून अख्खं दारच खाली आलं होतं आणि सगळेजण इतकी वर्षं पट्टीला ठोकत बसले होते. चौथ्या दिवशी दादानं दार खांद्यावर उचलून धरलं आणि मी नव्या पिना ठोकल्या. त्यानं खांदा काढून घेतला. मी दाराला एक बोट लावलं. घप्प. एवढाच आवाज झाला.

दादा म्हणाला, "आयला शाले!" आणि पुन्हा उघडून लावलं. आम्ही दोघं हसत सुटलो.

आण्णा जत्रेहून आले. पिशवी खाली न ठेवता त्यांनी दार लावलं, उघडलं, लावलं. दहा-बारा वेळा तरी. मग दादाकडं बघितलं.

"शालीनं केलं," दादा म्हणाला. "म्या नुसतं भरून दिलं." हे त्यानं सांगितलं होतं. ते मी विसरत नाही, कारण नंतरचं सगळं त्यामुळंच जास्त कडू झालं.

आण्णा "हं" म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनसाहेब आले, त्यांच्या बायकोही आल्या. मी आत चहा टाकला होता, पण कान आणि डोळे वाटेतून बाहेर. कॅप्टनसाहेबांच्या बायको आपण होऊन डाव्या बाजूनं चढल्या, चांगल्या हातानं दार ओढलं, लागलं. उघडलं, पुन्हा लावलं. मग काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, "अहो, हे सासऱ्यांच्या वेळेसारखं लागतंय." कॅप्टनसाहेबांनी दाराला कान लावून ऐकलं. त्यांचे डोळे भरले होते. सैन्यातल्या माणसाचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच पाहिले. म्हणाले, "आण्णा, मानलं. कुणाचा हात हा? तुमचा तर नव्हे. तुम्ही तर कडी मारत होता."

मी चहाचं ताट घेऊन वाटेतून बाहेर येत होते.

"पोराचा," आण्णा म्हणाले. दादाच्या पाठीवर हात ठेवला. "ह्या संजाचा. चार दिस जेवन-पानी सोडून बसलं हुतं पोरगं."

दादानं माझ्याकडं बघितलं आणि मग जमिनीकडं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. मी वाट बघितली. एक कप कॅप्टनसाहेबांना दिला, एक त्यांच्या बायकोला. त्यांनी कप घेताना माझे हात बघितले. बोटांची सालं गेलेली, उजव्या हाताच्या दोन पेरांवर खोल खाचा, नखांत काळं.

"अगं, मुली, हाताला काय झालं हे?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आई म्हणाली, "विळीवर कापलं, वैनीसाब. लय येंधळी हाय."

त्या बाईंनी कप ओठाला लावला. मनगट मोडून घेतलेली बाई होती ती, विळीची जखम आणि लोखंडाची जखम यातला फरक तिला कळला असणार, असं मी पुढं कितीतरी वर्षं मानत आले. पण कळलं असतं तर तिनं पुढं विचारलं असतं. नसेलच कळलं. कॅप्टनसाहेब तोवर दादाशी हिंदीत बोलायला लागले होते. "उस्ताद, इधर क्या कर रहे हो?" पुण्याच्या त्या मित्राकडं जाशील का, मी चिठ्ठी देतो, जुन्या गाड्यांचं काम करणारे हात मिळत नाहीत. आण्णा हात जोडून उभे होते. दादा "हो साहेब" म्हणाला. त्याच्या "हो"मध्ये थोडाही अडखळलेपणा नव्हता.

त्या दिवशी आत आल्यावर आईनं माझ्या बोटांना हळद लावली. मी म्हणाले, "आई, तू का खोटं बोललीस?" ती म्हणाली, "हात बरं कर आदी. रविवारी पावनं येनार हाईत बगायला. अशा हातानं पोहं देनार हाईस व्हय?" आणि थोड्या वेळानं, हळद चोळता चोळता, माझ्याकडं न बघता, "संजाला जन्मभर खायाचं हाय ह्या कामावर. तुला काय करायचंय?"

दादा पुण्याला गेला. दीड महिन्यानं रविवारी एसटीनं आला, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन लॉकं. "शाले, एवढी बग की." मी बघितली. का बघितली, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. लोखंड हातात आलं की बरं वाटायचं, हे एक. आणि कधीतरी तो तिथं माझं नाव सांगेल, हे दुसरं. दोन वर्षं तो लॉकं आणत राहिला आणि मी काम करताना शेजारी बसून बघत राहिला, आणि एक दिवस आणायचा थांबला. त्याला यायला लागलं होतं. माझं तोवर साताऱ्याला लग्न झालं होतं. मालक शाळेत क्लार्क, माणूस सरळ. आमच्या कपाटाचा खटका अडायचा तेव्हा ते कोपऱ्यावरच्या एका माणसाला बोलावून आणायचे आणि मी त्याला बॅटरी धरून द्यायची. तो माणूस प्रत्येक वेळी चुकीच्या जागी ठोकायचा. मी बॅटरी धरून उभी राहायची. मला कुणी अडवलं नव्हतं, हे मी इथं कबूल करते. मी एक शब्द बोलू शकले असते. पण ज्या घरात ते काम मी केलं तिथं ते माझं नव्हतं, मग परक्या घरात मी काय म्हणून सांगायचं? अशी एक अढी मनात बसली आणि पुढं तिची सवय झाली.

दादाचं आज पुण्याच्या बाहेर मोठं वर्कशॉप आहे. परदेशातून माणसं जुन्या गाड्या बघायला येतात. परवा भाच्यानं फोनवर एक व्हिडिओ पाठवला; दादा एका हिरव्या पिकअपचं दार एका बोटानं लावतो आणि मुलाखत घेणाऱ्या मुलीला सांगतो की हे सगळं मी सांगलीला आमच्या आण्णांच्या गॅरेजमध्ये शिकलो. खोटं नाही त्यात काही. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. सून म्हणाली, "मामा किती साधे आहेत ना." मी हो म्हणाले.

आई आधी गेली. आण्णा बरीच वर्षं जगले, शेवटी उजवं अंग गेलं आणि त्यांना मिरजेला दवाखान्यात ठेवलं. दादानं चांगली खोली घेऊन दिली, फोन रोज करायचा. त्यांच्याजवळ बसायला मी होते. एका दुपारी, मी मोसंबी सोलत होते आणि त्यांना चांगलं बोलायला येत होतं, तेव्हा मी विचारलं. एवढी वर्षं विचारलं नव्हतं. मला त्यांना दुखवायचं नव्हतं, खरंच नव्हतं. मला फक्त त्यांच्या तोंडून एक कारण हवं होतं. ते कसलंही असतं तरी चाललं असतं. तू पोरगी म्हणून, असं म्हणाले असते तरी मी ते घेऊन घरी गेले असते.

"आण्णा, पलूसच्या कॅप्टनसाहेबांची पिकअप आठवते?"

त्यांचा चेहरा उजळला. "व्हय तर. मिलिटरीची. डावं दार ऱ्हात नव्हतं. वैनी पडल्या हुत्या की गं त्यातनं."

"त्या दिवशी ते गाडी न्यायला आले, तेव्हा तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

ते माझ्याकडं बघत राहिले. डोळे स्वच्छ होते, लपवाछपवी काही नव्हती. "तुजं नाव? तुजं नाव कशाला?"

"दारं मी केली होती, आण्णा. तुम्ही जत्रेला गेला होता."

त्यांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या, चांगला हात चादरीवर हलला. मग त्यांनी मान हलवली आणि लहान मुलाची समजूत काढावी तसं हसले.

"न्हाई गं पोरी. तू तवा बारकी हुतीस. ते संजानं केलं. चार दिस जेवलं न्हाई पोरगं." आणि छताकडं बघत, अगदी समाधानानं, "लय झकास काम केलं हुतं त्यानं. तसं काम म्या बी कवा केलं न्हाई."

मी मोसंबीची फोड त्यांच्या तोंडाशी धरली. ती त्यांनी चघळली. मग ते माझ्याकडं बघायला लागले, मी काही बोलायची वाट बघत.

"व्हय आण्णा," मी म्हणाले. "लय झकास केलं होतं दादानं."